अंगण वाकडं असतंच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरच्या स्टुडिओसाठी डेस्क कसं बनवावं या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: डेस्क हे फर्निचर आहे, त्याचा आवाजाशी संबंध नाही, वेळ आणि पैसा खोलीच्या ट्रीटमेंटवर (आवाज शोषणारी पॅनेल वगैरे) घालावा, 18 मिमी प्लायला बाक येणार, मॉनिटर, म्हणजे मिक्सिंगचे स्पीकर, डेस्कवर नव्हे तर स्टँडवर हवेत, केबलची भोकं लहान आहेत, आणि एकूण लेख म्हणजे ‘दिखाऊपणा’. शेवटी आपण लिहिलंत, ‘नाचता येईना अंगण वाकडं, तसं मिक्स जमेना म्हणून टेबल बदला.’

हे शेवटचं वाक्य आधी घेतो. माझं एकही मिक्स, म्हणजे मी आवाज जुळवून तयार केलेलं गाणं, आपण ऐकलेलं नाही. लेखाला गाणं जोडलेलं नव्हतं, फक्त मापं होती आणि फोटो होते. मग मला जमतं की जमत नाही हे आपण कशावरून ठरवलंत? फोटोतल्या सनमायकाच्या रंगावरून? मतभेद असू द्यात, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्या कानांवर इतक्या सहज शेरा मारायचा, आणि वर म्हणीची फोडणी द्यायची, याला टीका म्हणत नाहीत.

बरं, आता अंगणाकडे येऊ. कारण गंमत अशी की अंगण खरोखरच वाकडं असतं.

समजा, मॉनिटरचा ट्वीटर (वरच्या पट्टीतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) डेस्कच्या फळीपासून 30 सेंमी वर आहे, तुमचा कान 45 सेंमी वर आहे आणि दोघांत आडवं अंतर 110 सेंमी आहे. घरच्या मांडणीत ही मापं अगदी नेहमीची. ट्वीटरकडून सरळ येणारा आवाज 111 सेंमी चालतो. फळीवर आपटून येणारा 133 सेंमी. फरक 22 सेंमीचा. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 22 सेंमी ही अर्धी तरंगलांबी होते 780 हर्ट्झच्या आसपास. तिथे दोन्ही लाटा एकमेकींना खातात आणि खड्डा पडतो. दुसरा खड्डा तिप्पटीवर, म्हणजे 2,340 च्या जवळ. मधे 1,560 ला उंचवटा. गायकाचे शब्द स्पष्ट ऐकू येतात की नाही हे ठरतं नेमकं याच पट्ट्यात. तो खड्डा इक्यूने, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज वाढवून, भरायला गेलात की तुमच्या खुर्चीत सगळं गोड वाटतं आणि दुसऱ्या कुठल्याही स्पीकरवर तेच गाणं किंचाळतं.

आता सांगा, खोलीची ट्रीटमेंट केल्याने हे जातं का? भिंती पॅनेलनी मढवा, कोपऱ्यांत छतापर्यंत बास ट्रॅप (खालच्या पट्टीतला आवाज शोषणारे ठोकळे) भरा. ही उसळी भिंतीपर्यंत पोचतच नाही. ती तुमच्या कोपराखालच्या फळीवरून उठते आणि सरळ आवाजाच्या मागोमाग, एक मिलिसेकंद पुरा व्हायच्या आत कानात शिरते. ‘आधी खोली, मग डेस्क’ हा क्रम म्हणूनच मला पटत नाही. खोलीचं महत्त्व मी लेखात कुठेही नाकारलेलं नाही. न लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडी घालून मग ते खोडून काढायचं, हे सोपं असतं.

आकडेमोड नको असेल तर एक छोटा आरसा घ्या. डेस्कवर उताणा ठेवा, खुर्चीत नेहमीसारखे बसा आणि कुणाला तरी तो हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात ट्वीटर दिसेल, तिथून आवाज उसळतो. वरच्या मापांत ती जागा कानापासून 66 सेंमीवर येते, म्हणजे जिथे बहुतेकांचा लॅपटॉप किंवा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) पसरलेला असतो, बरोबर तिथे. जाड ब्लँकेट टाकून फरक ऐकता येतो, पण फक्त वरच्या पट्टीत. 780 च्या खड्ड्याला ब्लँकेटने फारसं काही होत नाही.

‘आवाजाशी संबंध नाही’ म्हणता ना? मग जेनेलेकच्या 8030 सारख्या मॉनिटरच्या पाठीवर डेस्कटॉप नावाचा स्विच कशासाठी दिलाय? तो 160 हर्ट्झच्या आसपास 4 डेसिबल कमी करतो, कारण मॉनिटर टेबलावर ठेवला की तो भाग फुगतो. स्पीकर बनवणाऱ्यांना टेबल ऐकू येतं. तुम्हाला येत नसेल तर तो टेबलाचा दोष नाही.

स्टँडचा सल्ला तुम्ही असा दिलात की जणू स्टँड आणले की प्रश्न मिटला. मॉनिटर डेस्कमागे स्टँडवर, कानाच्या उंचीला, 130 सेंमीवर ठेवा. उसळीची जागा मधोमध येते, कानापासून 65 सेंमीवर. डेस्क पुढून मागे जेमतेम 60 सेंमी असलं आणि तुमच्यापुढे 15 सेंमीवर सुरू होत असलं, तरी ते 75 पर्यंत पोचतं. उसळी डेस्कवरच. स्टँडने फळीची थरथर थांबते, हा फायदा खरा. पण ज्या खोलीत डेस्क भिंतीला टेकल्याशिवाय दार उघडत नाही, तिथे स्टँडचे पाय ठेवायचे कुठे, हेही सांगायचं होतंत.

आणि ‘दिखाऊपणा’. या शब्दावर मी गप्प बसणार होतो, पण प्रतिक्रियेत तो दोनदा आलाय. मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या स्टुडिओत रात्रपाळीला आवाजाचं एडिटिंग केलं. तिथलं टेबल ऑफिसचं, 75 सेंमी उंच, आणि त्यावर 88 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा, पियानोसारख्या पट्ट्यांचा). कीबोर्डची स्वतःची जाडी धरून हात पडायचे 84 सेंमीच्या वर. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72 ते 74 सेंमीवर असतात. हा वरचा फरक खांदे भरून काढतात. माझा उजवा खांदा अजूनही भरून काढतोय. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला तो टेबलाच्या उंचीचा. लेखात सरकत्या ट्रेवर मी इतकी जागा खर्च केली ती त्यामुळे: वरची फळी 75 ला, तिची जाडी 3.6 (18 मिमीच्या दोन फळ्या), खाली कीबोर्डला 10 सेंमी मोकळे, मग चॅनेलवरची 18 मिमीची ट्रे. पट्ट्या येतात 70 च्या आसपास आणि मांड्यांना जवळपास 60 सेंमी उरतात. पुढच्या कडेला खाली आडवी पट्टी मारलीत की हा सगळा हिशेब कोलमडतो, म्हणून ती मागे घ्यायची. यात दिखाऊ काय आहे ते मला कळलेलं नाही. ट्रे तर बंद केली की दिसतही नाही.

प्लायचा बाक: लेखात दोन फळ्या एकमेकींना चिकटवायला सांगितल्यात, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो; फेविकॉल लावून, क्लॅम्पखाली दाबून एकजीव केल्या तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. आमच्या घरात रंधा चालायचा. प्लाय कधी वाकतं हे मला शिकवायची गरज नाही.

केबलच्या भोकांचं मात्र मान्य. 35 मिमी मी एक्सएलआर (माईकच्या केबलचा गोल प्लग) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. त्यातून विजेचा तीन पिनांचा जाड प्लग जात नाही. 60 मिमीचं भोक पाडा आणि झाकण बसवा. लेखात ही ओळ घातली आहे. हे तुम्ही पहिल्या वाक्यात लिहिलं असतंत आणि तिथेच थांबला असतात, तर मी नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा झालो असतो.

रॅकचा, म्हणजे उपकरणं बसवायच्या कप्प्याच्या मापाचा, प्रश्न दुसऱ्या एका वाचकानेही विचारलाय, म्हणून एकदाच लिहितो: 19 इंच, म्हणजे 482.6 मिमी, ही उपकरणाच्या पुढच्या पट्टीची रुंदी. कप्पा आतून साधारण 485 ठेवा आणि लोखंडी रेल बसवल्यावर मधे 450 मोकळे राहतील असं बघा. सुतार ‘19 इंच’ ऐकून बरोब्बर 19 कापतो, मग उपकरण कडेला घासतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. उत्तर द्यायचं असेल तर तुमच्या खोलीतली तीन मापं घेऊन या: ट्वीटर किती वर, कान किती वर, मधे अंतर किती. ती नसतील आणि पुन्हा म्हणच येणार असेल, तर माझ्याकडून उत्तराची वाट बघू नका.