"तिथं आता काही राहिलं नाही" असं म्हणण्याआधी

उन्हाळ्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी मागं सरकतं आणि धरणात गेलेल्या जुन्या गावांची जोती उघडी पडतात. गाळपेर करणारे, मासे धरणारे, ढोरं चारणारे आणि अलीकडे कानाला हेडफोन लावून मेटल डिटेक्टर फिरवणारे, सगळे त्या जोत्यांवरून जाऊन येतात. असे चार उन्हाळे गेले की गावात एकच वाक्य ऐकू येतं, "तिथं आता काही राहिलं नाही." १९९३ च्या भूकंपात पडलेल्या किल्लारी-सास्तूरकडच्या जुन्या गावठाणांबद्दल हेच म्हणतात. पडक्या वाड्याबद्दल आणि जुन्या बाजारतळाबद्दलही हेच. हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. ते का चुकीचं असतं हे नीट कळलं तर स्वतःच्या जुन्या घरजागेत आजीचं डोरलं शोधणाऱ्याला फायदा होईल. आणि कुठल्या जागी मशीन न्यायचंच नाही, हेही कळेल.

आधी येऊन गेलेल्या माणसानं नेलं ते त्या जागेतलं सगळं नव्हे. त्याच्या मशीनला त्या दिवशी, त्या वेगात, त्या दिशेनं जेवढं ऐकू आलं तेवढंच त्यानं नेलं. बहुतेक जण ११ इंची कॉइल (मशीनची खालची तबकडी) लावतात, लोखंड कापायला डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज दाबणारी सेटिंग) चढवतात आणि झाडू मारल्यासारखा हात फिरवत चालत सुटतात. मोठा, स्वच्छ आवाज आला तरच खाली बसतात.

आता जुन्या गावठाणाच्या मातीत काय काय असतं ते बघा. बैलांचे नाल आणि त्यांचे खिळे, गाडीच्या धावेचे तुकडे, दाराच्या कड्या-बिजागऱ्या, विळ्याची मोडकी पाती, कुळवाच्या पाशीचा तुकडा, माळवदाच्या लाकडातून गळालेले खिळे. यातला एखादा खिळा नाण्यापासून दोन बोटांवर पडलेला असेल तर डिस्क्रिमिनेशन चढवलेलं मशीन गप्प बसतं. ते लोखंडाचा आवाज दाबतं आणि त्याच्यासोबत शेजारच्या नाण्याचाही आवाज गिळतं. शिवाय लोखंडावरून गेल्यावर मशीनला पुन्हा सावध व्हायला सेकंदाचा छोटासा भाग लागतो. हात जोरात असेल तर तेवढ्या वेळात नाणं मागं पडलेलं असतं. चाळलेल्या जागेत उरलेल्या बऱ्याचशा वस्तू अशा लोखंडाच्या आड असतात, खोल गेलेल्या नव्हे.

म्हणून दुसऱ्यांदा जाताना डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणा आणि सगळं ऐका. कान दुखतो, पण इलाज नाही. कॉइल ५ ते ६ इंची लावा. लहान कॉइलखाली एका वेळी कमी माती येते, त्यामुळे खिळा आणि नाणं वेगवेगळे बोलतात. तिची खोली कमी असते, नाण्यासाठी चार-पाच इंच धरा, पण गावठाणात खोलीपेक्षा वेगळं ऐकू येणं जास्त कामाचं. डावीकडून उजवीकडे एक फेरा तीन-चार सेकंदांचा. कॉइल जमिनीला समांतर आणि बोटभर वर. दोन्ही टोकांना हात वर उचलला जातो ती सवय मोडा, त्यातच कडेच्या पट्ट्या सुटतात. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे, कारण कॉइलखालचं क्षेत्र खोल जाताना अरुंद होत जातं. वर ६ इंच रुंद वाटलं तरी खाली ते दोन-तीन इंचच उरतं.

सुतळी आणि खुंट्या घेऊन जा, लाज वाटू देऊ नका. १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, त्यात सव्वा मीटरच्या पट्ट्या पाडा आणि आधी उत्तर-दक्षिण चाला. मग सुतळी फिरवून त्याच चौकोनात पूर्व-पश्चिम. आडवा पडलेला खिळा एका दिशेनं नाणं झाकतो, काटकोनातून गेलं की नाणं उघडं पडतं. कडेवर उभं राहिलेलं नाणंसुद्धा एकाच दिशेनं नीट ऐकू येतं. एवढा चौकोन दोन्ही दिशांनी करायला खणणं सोडून दोन-अडीच तास जातात. ज्यांना एका सकाळी अख्खं गावठाण उरकायचं आहे त्यांनी जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते नुसते खड्डे पाडून येतात.

गंजलेला पत्रा आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण चांगल्या धातूसारखं वाजतं, त्यात पुष्कळ जण फसतात. आवाज आला की जागच्या जागी ९० अंशांत फिरून पुन्हा ऐका. तांब्या-चांदीचं नाणं असेल तर पडद्यावरचा आकडा दोन्हीकडून दोन-तीन घरांच्या आत राहतो. लोखंड असेल तर आकडा उड्या मारतो, आवाज तुटतो आणि पिनपॉइंट केलेला, म्हणजे नेमका हेरलेला, मध्यबिंदू सरकतो.

आता माती. आपली जमीन बेसॉल्ट खडकाची, म्हणजे लोहाचे खनिज कण तिच्यात भरपूर. परदेशी व्हिडिओत दाखवलेली खोली इथं मिळत नाही, उगाच मशीनला शिव्या देऊ नका. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज मशीनमधून वजा करणं. तो करताना आधी धातू नसलेला तुकडा शोधा, कॉइल जमिनीपासून दोन इंच ते फूटभर वर-खाली हलवत आवाज सपाट करा. आणि एकदा करून थांबू नका. गावाची जमीन काळी आणि पांढरी असते हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. पण गावठाणात चार पावलांवर माती बदलते. राखेचा उकिरडा, चुलीची भाजलेली माती, पडलेल्या भिंतीची माती, मुरूम. भाजलेली माती आणि विटा जास्त चुंबकीय होतात, चुलीच्या जागी मशीन ओरडतं ते बऱ्याचदा यामुळे. माती बदलली की बॅलन्स पुन्हा. सेन्सिटिव्हिटी (मशीनचा कान किती तिखट ते) पूर्ण चढवली तर काळ्या जमिनीत मशीन नुसतं किरकिरतं. किरकिर थांबेपर्यंत ती खाली आणा, खरी खोली त्यानंच वाढते.

काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यातून पडलेली वस्तू हातभर खाली जाऊ शकते आणि पावसात जमीन फुगून मिटली की वर काही खूण उरत नाही. त्याच भेगेवरून कॉइल नेली तर पोकळीमुळे खोटा आवाजही येतो. ही माती दरवर्षी फुगते-आकसते, त्यामुळे खालचं वर आणि वरचं खाली होत राहतं. गेल्या वर्षी कोरडं वाटलेलं रान नांगरटीनंतर पुन्हा बोलायला लागतं ते यामुळेच. चांगला काळ म्हणजे नांगरट होऊन ढेकळं फुटल्यावर, एक-दोन पाऊस पडून वाफसा आल्यावर आणि पेरणीच्या आधी. चिखलात जाऊ नका आणि उगवलेल्या पिकात तर नकोच.

सोन्याबद्दल गैरसमज फार. लहान सोन्याचा आकडा सिगारेटच्या चांदीसारखाच, मधल्या-खालच्या पट्ट्यात येतो. ज्यानं तो पट्टा बंद केला त्यानं सोनंच बंद केलं. पातळ साखळी मोठी असली तरी मशीनला एकेक कडी सुटी दिसते, म्हणून आवाज अगदी बारीक येतो. मंगळसूत्राचे काळे मणी मुळीच वाजत नाहीत, वाजतात त्या वाट्या. बोरमाळेचे मणी आतून लाखेचे आणि वरून पातळ पत्रा, तेही हळूच बोलतात. चमकी किंवा फुली शोधायची तर लहान कॉइल, १५ किलोहर्ट्झच्या आसपास किंवा वरची फ्रिक्वेन्सी आणि अतिशय संथ हात, दुसरा मार्ग नाही. चांदीचा रुपया मात्र कमी फ्रिक्वेन्सीलाही खणखणीत वाजतो, म्हणून तोच आधी उचलला गेलेला असतो.

आधीच्यांचे खड्डे आणि ढिगारे कुणी बघत नाही. पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी हेरायचं हातातलं छोटं मशीन) नसलेला माणूस खड्डा करतो, वस्तू ढेकळात बाहेर येते, तो मात्र खड्ड्यातच शोधत बसतो आणि कंटाळून निघून जातो. तो ढिगारा पायानं पसरवा आणि त्यावरून लहान कॉइल न्या. बारीक दागिन्यासाठी ५ मिलीमीटरच्या चाळणीतून माती काढा. सोनारगल्लीतली धूळ धुणारे झारेकरी अशा टाकलेल्या मातीवरच पिढ्यान्पिढ्या पोट भरत आले, हे विसरू नका. मग खड्डा पुन्हा ऐका, वरचा खिळा निघाल्यावर खालचं बोलू लागतं. आणि सगळा कचरा, अगदी शेवटच्या खिळ्यापर्यंत, पोत्यात भरून बाहेर न्या. लोखंड तिथंच फेकणारा माणूस स्वतःच्याच पुढच्या फेरीत अडथळे पेरतो.

रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन जवळ असेल तर ठरावीक अंतरानं टकटक येते, त्याला धातू समजू नका. मालकाला विचारून ते तासभर बंद करा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

शंभर मीटरवरचं सोनं दाखवणारी अँटेनावाली यंत्रं विकायला येतात. ती फसवणूक आहे. कुठलाही डिटेक्टर तसं करू शकत नाही. त्यांच्यासोबत पूजा, पायाळू माणूस, अमावास्या सांगणारे आले तर पोलिसांना कळवा. गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांवर २०१३ पासून राज्याचा कायदा आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जिव्हाळ्याची आहे ती. तेर, पैठण, भोकरदन इथल्या पांढरीच्या टेकाडांवर मशीन घेऊन जाऊ नका. तिथली जागा "आधीच कुणी उकरली आहे" ही सबब चालत नाही. सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी बाजारात कवडीमोल वाटतात, पण जमिनीच्या एखाद्या थरात पडलेलं तेच नाणं त्या थराचा काळ सांगतं. सोबत मडक्याचं खापर, मणी, राख असेल तर एका घराचा हिशेब लागतो. नाणं उपटलं की शिशाचा तुकडा उरतो आणि तो थर मुका होतो. उकरलेल्या टेकाडातही न हललेले थर शिल्लक असतात, आणि खरी किंमत तेवढ्या शिल्लक थरांचीच आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एकदा जाऊन या, मातीतून काय काय येऊ शकतं ते दिसेल.

कायदाही स्पष्ट आहे. १९५८ च्या कायद्यानं केंद्र संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणता येत नाही, २०१० च्या दुरुस्तीनं भोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. राज्य संरक्षित स्थळांना राज्याचा १९६० चा कायदा लागतो. १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, वस्तू १९७२ च्या कायद्याखाली येतात, परवान्याशिवाय त्यांचा धंदा गुन्हा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार पुरून ठेवलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हंडा आपल्याच पणजोबांचा आहे अशी खात्री असली तरी आधी कळवा, मग हक्क सांगा. शेत असेल तर सातबारावरच्या सगळ्यांची, गावठाण असेल तर ग्रामपंचायतीची आणि धरणाचं पोट असेल तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घ्या. भूकंपातल्या गावठाणात तर त्या घरातलं माणूस सोबत असल्याशिवाय पाऊल टाकू नये. तिथं लोकांची माणसं गेली आहेत.

परवानगी असलेल्या जागेतही नांगराच्या थराखाली, म्हणजे साधारण वीतभर खोलीच्या खाली, जाऊ नका. निजामाच्या काळातला चारमिनार असलेला रुपया किंवा १९४३ पासूनचा भोकाचा पैसा वरच्या फिरलेल्या मातीत मिळतो. त्याखाली फरशी, खापरांचा थर, रचलेली वीट किंवा हाड दिसलं की खुरपं तिथंच थांबवा, फोटो काढा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा, माती परत झाका आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. प्रत्येक वस्तूसाठी वेगळी पुडी ठेवा, तिच्यावर चौकोनाचा क्रमांक, खोली, तारीख लिहा. नाणं जागेवर चोळू नका, चिंच तर अजिबात लावू नका, अक्षरं त्यानंच जातात.

पायाखाली पोकळ वाजलं तर ते बहुधा जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचं तळघर, असतं. आत उतरू नका. कोंडलेल्या हवेत माणूस क्षणात कोसळतो आणि तोंड ढासळायलाही वेळ लागत नाही. कडेनं दगड लावून खूण करा आणि मालकाला दाखवा. आणि निघताना केलेला प्रत्येक खड्डा, आधीच्यांनी सोडलेलेसुद्धा, भरून वर पाय दाबा. त्या वाटेनं पहाटे ढोरं जातात, उघड्या खड्ड्यात बैलाचा पाय मोडतो.