‘पहिला’ नावाचा जाच

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर पुस्तक लिहायला घेतलं की पहिला खर्डा अडतो तो ‘पहिला’ याच शब्दापाशी.

साधं वाक्य घ्या : ‘भारतातली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली.’ शाळेपासून तोंडपाठ. पण मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी गाडी १८३७ ची, आणि रुडकीला कालव्याच्या कामावर माती ओढणारं इंजिन १८५१ चं. मग करा दुरुस्ती : ‘पहिली प्रवासी आगगाडी’. संगणकाचं तर विचारूच नका. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेतला एचईसी-२एम १९५५ चा, पण तो विलायती. भारतात बांधलेला टिफ्रॅक १९६० ला सुरू झाला, पण त्याचं बारसं १९६२ साली. ‘१९६० साली टिफ्रॅक सुरू झाला’ असं लिहावं, तर ‘तेव्हा त्याला हे नाव नव्हतं’ असं कळवणारा वाचक सदाशिव पेठेत हमखास बसलेला असतो. आणि आपल्या पुण्याचा महासंगणक परम ८०००, १९९१ चा? त्याच्याआधी अमेरिकेचा क्रे महासंगणक दिल्लीत हवामानाची गणितं करत होता. तेव्हा ‘देशात बांधलेला’ हे शेपूट लावायचं. लावताना जिवावर येतं, पण लावायचं.

यावर उतारा एकच : खर्डा लिहिताना काहीही तपासायचं नाही. शंका आली की तिथं ## ठोकायचं आणि पुढे सरकायचं. एका सनासाठी विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय गाठलं, की सन मिळतो आणि सोबत तीन नवी प्रकरणंही मिळतात. खर्डा संपला की शोधात ## टाकून सगळे एकामागोमाग हुडकायचे. सत्तर हजार शब्द, पानाला अडीचशे, म्हणजे २८० पानं. पानी एक शंका धरली तरी महिनाभराची सोय झाली.

टिपणांचीही एक शिस्त असते. मोबाइलवर पानं टिपताना आधी शीर्षकपान, मग आवृत्ती आणि साल असलेलं पान, मग मजकूर. आणि पानाचा आकडा चौकटीबाहेर जाता कामा नये. नाहीतर सुंदर उतारा हाती राहतो आणि त्याचे आईबाप सापडत नाहीत.

खरा छळ जुन्या फाइलींचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे नुसते आकार बसवलेले असत. फाँट नसेल तर सगळं प्रकरण मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. रूपांतर करावं, तर ‘वर्षी’चं ‘वषीर्’ होतं आणि ‘स्थिती’ची ‘िस्थती’. कारण जुन्या फाँटात रफार अक्षरानंतर टंकत आणि ऱ्हस्व वेलांटी आधी; युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणून रूपांतर झाल्यावर ‘र्’ आणि त्यापुढे मोकळी जागा असं शोधायचं. निम्मे अपघात तिथंच पडलेले सापडतात. उरलेले मुद्रितशोधकाच्या नशिबी.

एवढं करून शेवटचं प्रकरण संपतं. जिन्यात शेजारचे काका भेटतात.

“काय हो, झालं का पुस्तक?”

“पहिला खर्डा झाला.”

“पहिला?” काका चष्मा वर करतात. “नक्की?”