आधी मागे नाव लिहा, मग फोटो मागा

काल रात्री पावणेबाराला घरच्या ग्रुपवर मेसेज आला. "वहिनी, आत्याचा एक छानसा फोटो पाठवा ना. एकटीचा, हसरा. सकाळी फ्रेमवाल्याकडे द्यायचाय." खाली जोडलेले हात. मागणारा मेसेज टाकून झोपला. मी अडीचपर्यंत जागी.

आत्यांना जाऊन आठ दिवस झाले. परवा रामकुंडावर दहावा. आठ दिवसांत कुणाला फोटो सुचला नाही, तो सुचला रात्री पावणेबाराला. आणि मागण्याची पद्धत अशी, की फळीवरून डबा काढावा तसा मी फोटो काढून देणार. "तुमच्याकडे तर सगळं लावून ठेवलंय!" हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. लावून ठेवलेलं नाही. लावते आहे. तीन वर्षं झाली, एकटी लावते आहे.

पंचवटीतला वाडा रिकामा केला तेव्हा भांड्यांच्या वाटण्या झाल्या, एका पितळी हंड्यावरून दोन जावांचं बोलणं बंद झालं. फोटोंची ट्रंक मात्र कुणालाच नको होती. "तुम्ही न्या, तुम्हाला आवड आहे." मी इंदिरानगरला आणली. काळ्या कागदांचे अल्बम, चपलांच्या खोक्यांत सुटे फोटो, निगेटिव्हच्या पट्ट्या, चौदा सीड्या, त्यातल्या चार आता उघडतच नाहीत. मग प्रत्येकाने आपापला जुना फोन आणि पेनड्राइव्ह माझ्या हार्ड डिस्कवर ओतला. ३८ हजार फाइली. फोल्डरांची नावं "न्यू फोल्डर", "आईचा फोन", "फायनल", "फायनल खरं". मधे मधे सुप्रभातची फुलं आणि पनीरच्या रेसिप्या. त्या काढण्यातच पहिला उन्हाळा गेला.

कंटाळवाणं काम करायला माझी ना नाही. पण केलेल्या कामावर माती ओतणारी माणसं आपलीच असतात, त्याचं काय करायचं?

फोटो काढला की कॅमेरा त्या फाइलमध्येच एक नोंद ठेवतो. तारीख, वेळ, कुठला कॅमेरा, लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. एक्झिफ म्हणतात तिला. फोटो नेहमीसारखा ग्रुपवर टाकला की तो दाबून लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. मग फाइलला तारीख उरते ती माझ्या फोनवर उतरल्याची. हे मी ग्रुपवर निदान पाच वेळा लिहिलं असेल. फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. दोन बोटांचं काम आहे. सगळ्यांनी अंगठा दाखवला. त्यानंतर साखरपुड्याचे दोनशेबारा फोटो आले, सगळे नेहमीसारखे, धुरकट, बिनतारखेचे.

बिनतारखेचा फोटो म्हणजे काय ते सांगते. गोदेला पूर आला की नाशिकमध्ये पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर मोजतात. कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, गळ्याला टेकलं. आमच्याकडे एक फोटो आहे. मारुती छातीपर्यंत पाण्यात, आणि अलीकडे छत्री धरून माझे सासरे. फाइलवर तारीख ऑगस्ट २०१९, कारण त्या वर्षीच्या पुरात कुणीतरी जुना फोटो पुन्हा फिरवला. सासरे २०११ मध्ये गेले. म्हणजे हा सप्टेंबर २००८ च्या पुराचा असणार. माझ्या सासऱ्यांच्या फोटोचं साल मला त्यांच्या मरणावरून ठरवावं लागतं. ज्याने तो काढला तो आजही आहे, त्याला तीनदा विचारलं, "असेल तेव्हाचाच" म्हणाला.

जुन्या कॅमेऱ्यांचा घोळ वेगळा. बॅटरी उतरली की घड्याळ मागे जायचं आणि कुणी ते लावायचं नाही, त्यामुळे अख्खं लग्न १ जानेवारीला लागलेलं. ते तरी निस्तरता येतं, एका फोटोची खरी वेळ कळली की बाकीचे तितकेच पुढे सरकवता येतात. पण ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजतो, म्हणून एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली असतात, हे न बघता ज्याने कॉपी करताना "रिप्लेस ऑल" दाबलं, त्याने माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाचे निम्मे फोटो घालवले. ते निस्तरता येत नाही. वर त्याचं म्हणणं, "तेच तेच तर होते."

आणि सगळ्यात मोठं पाप. दोन अल्बम ट्रंकेत नव्हतेच, ते आमच्या चुलत दिरांकडे होते. त्यांनी पानापानाचे मोबाइलने फोटो काढले. कपाळावर ट्यूबलाइटची पट्टी, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा. "स्कॅन करून टाकले" म्हणाले आणि अल्बम रद्दीत दिले. रद्दीत! आमचे आजेसासरे प्रत्येक फोटोच्या मागे लिहायचे. शाई पुढे उमटते म्हणून पेन्सिलने, आणि तीही हलक्या हाताने. सुरुवात कायम "डावीकडून", मग एकेक नाव, गाव, तिथी. माझ्याकडे उरलेल्यांत एक आहे, "चैत्र शु. १५, शके १८८९, वणी". म्हणजे एप्रिल १९६७, सप्तशृंगीची चैत्रातली यात्रा, पौर्णिमेचा दिवस. गडावर जाऊन आलेली नऊ माणसं, नऊ नावं, एकही सुटलेलं नाही. साध्या कारकुनी पगारातल्या माणसाने एवढं करून ठेवलं. ते दोन अल्बमभर लिहिलेलं कुठल्याशा कागद गिरणीत लगदा झालं, आणि मोबाइलवाल्या फोटोंत पाठ दिसत नाही.

नावांचं तर विचारूच नका. २०१० मध्ये मी सहा महिने बसून चेहऱ्यांना नावं दिली होती. नावं त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीत राहायची, फोटोच्या फाइलमध्ये नाही. २०१६ मध्ये ते सॉफ्टवेअर बंद झालं, कॉम्प्युटर बदलला, सहा महिने पाण्यात. आता डिजिकॅम नावाचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, आणि नाव फोटोच्या फाइलमध्येच लिहायची सोय आहे, उद्या तेही बंद पडलं तरी नाव फोटोबरोबर राहील. दिवाळीच्या सुट्टीत भाचा मदतीला बसला. मला केवढा आनंद झाला होता. दोन दिवसांनी बघते तर नऊशे फोटोंवर "मामा". कोणाचा मामा? त्या घोळक्यात चार मामा आहेत. तोच माणूस एकाचा भाऊ, दुसरीचा दीर, तिसऱ्याचा तात्या. नावं लिही म्हटलं तर म्हणाला, "खरं नाव काय मामाचं?" एकवीस वर्षांचा मुलगा आहे.

चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर बापाला आणि मुलाला एक करतं, हळदीच्या चेहऱ्यांना वेगळं माणूस समजतं, ते मी धरून चालते. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांत, उड्या मारून आलेली माणसं ते काय ओळखणार! प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, त्यामुळे रंगावरून रहाड कळते, माणूस नाही. तिथे सांगायला घरचंच कुणीतरी लागतं. आणि घरचं कुणी बसत नाही. अर्धा तास बसत नाही. रिल्स बघत रात्री एक वाजवणारी ही माणसं.

तर काल रात्री. आत्यांच्या नावाने शोधलं, एकसष्ट फोटो निघाले. सगळे लग्नकार्यांतले. एकात वाढताहेत, एकात कुणाचं तरी मूल काखेत, एकात फक्त खांदा. एकटीचा एकही नाही. हसरा असेल तर मान वळलेली. एकसष्ट फोटोंत या बाईकडे बघून कुणी एकदाही कॅमेरा धरला नाही.

दीडच्या सुमाराला मी बिनओळखीचे जुने फोटो चाळायला घेतले. त्यात एक मुलगी आहे. दोन वेण्या, वाड्याच्या ओट्यावर बसलेली, मांडीवर पुस्तक उपडं ठेवलेलं, कुणीतरी हाक मारली म्हणून हसून वर बघितलेलं. मागे पेन्सिलने एक नाव आणि "मॅट्रिक पास". हे नाव घरात कुणाचंच नाही, म्हणून मी ते तसंच लिहून ठेवलं होतं. काल मोठं करून बघितलं तर पुस्तकावरच्या डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. ती करंगळी मला माहीत आहे. लहानपणी वाड्याच्या दारात सापडून वाकडी झालेली, त्याच हातात वाटी धरून आत्या मला आग्रहाने श्रीखंड वाढायच्या.

लग्नात त्यांचं नाव बदललं. सासरी गेल्या त्या दुसऱ्या नावाने, आणि इकडे सगळ्यांच्या तोंडी फक्त "आत्या" नाहीतर "अक्का". आई-बापाने ठेवलेलं नाव फोटोच्या पाठीवर तेवढं राहिलं. आता ऐका. हाच फोटो मी २०२३ मध्ये ग्रुपवर टाकला होता. "ही कोण? कुणाला माहीत असेल तर सांगा." अकरा लाल हृदयं आली. "जुने दिवस" असंही कुणी लिहिलं. उत्तर एकही नाही. बघणाऱ्यांत आत्यांचा सख्खा मुलगा होता. आत्या तेव्हा नाशिकरोडला, अर्ध्या तासावर, धडधाकट होत्या. फोन आईच्या पुढे धरायला त्याला दहा सेकंद लागली असती. पुण्याच्या काकूंना दाखवा म्हणून त्यांच्या मुलाला मी तीनदा लिहिलं होतं. "हो हो, दाखवतो."

दोन वर्षं ती मुलगी माझ्या हार्ड डिस्कवर बेवारस पडून होती आणि ती स्वतः जिवंत होती. मी तिला तिचा फोटो दाखवू शकले असते. पुस्तक कुठलं होतं, हाक कुणी मारली, विचारू शकले असते. मला याचा इतका राग आलाय की सकाळपासून कुणाचा फोन घेतलेला नाही.

अडीचला तो फोटो पाठवला, नाव आणि साल लिहून. सकाळी उत्तर आलं, "हा नको वहिनी, यात ती ओळखूच येत नाही. अलीकडचा बघा ना एखादा." मग एका मुंजीतल्या घोळक्यातून चेहरा कापून दिला. शेजारणीच्या पदराची कड आलीय त्यात. तोच फ्रेममध्ये बसेल.

मोठ्या काकू परवा दहाव्याला येतायत, तेराव्यापर्यंत इथेच आहेत. वय ८३, मोतीबिंदू काढलेला, आता स्पष्ट दिसतं. त्या चार दुपारी माझ्या आहेत. चाळीस चेहरे बिननावाचे आहेत आणि ते ओळखणारी ही एकच बाई उरली आहे, तेव्हा त्या वेळात कुणी काकूंना देवदर्शनाला न्यायचं नाही, चहाला बोलवायचं नाही. तेराव्याला तुम्ही सगळे जमाल, फोटो काढालच. ते ग्रुपवर टाकू नका. फोन आणि केबल घेऊन माझ्याकडे या, खुर्ची ओढून बसा आणि कोण कोण आहे ते तिथल्या तिथे सांगा. पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. डावीकडून.