पियानो बंद करा, बाक ठेवा

'काहीच घडत नाही' अशा व्हिडिओ आर्टची मी चाहती आहे आणि सगळ्यात जास्त चिडचिडही माझी त्याच प्रकारावर होते. रिकामी खोली, कॅमेरा ट्रायपॉडवर, वीस मिनिटं तोच शॉट आणि शेजारी भिंतीवर 'दैनंदिन जगण्यातल्या दुर्लक्षित खुणांचा मूक वेध' असलं काहीतरी लिहिलेलं. लोक हसतात. निम्म्या वेळा त्यांचं हसणं बरोबरच असतं.

मध्यंतरी एका प्रदर्शनात असाच एक व्हिडिओ बघितला. फ्रेममध्ये फक्त भिंत. खुर्चीची पाठ घासून घासून रंग उडालेला एक आडवा पट्टा. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं की त्याच्या वर, चारेक बोटांवर, अजून एक पुसट पट्टा आहे. म्हणजे आधी तिथे उंच पाठीची खुर्ची होती. ती कोणीतरी बदलली. का बदलली असेल, नवीन माणूस आला की जुनाच माणूस वाकला, असं माझं डोक्यात सुरू झालं आणि तेवढ्यात मागून पियानो वाजायला लागला! हळवा, ओला पियानो. संपलं. मी काय शोधतेय हे मलाच अजून कळलं नव्हतं आणि मला काय वाटायला हवं ते मात्र ठरवून टाकलेलं होतं. त्यापेक्षा खोलीतला पंख्याचा खरा आवाज ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

बघणं आणि बघण्याचा आव, यातला फरक मला इथे दिसतो. मोबाइलवर चहाच्या वाफेचे आणि खिडकीतल्या उन्हाचे जे 'शांत' व्हिडिओ फिरतात ना, तेही या दुसऱ्या जातीचे. त्यांत काही सापडण्याची शक्यताच नसते, सगळं आधीच सजवून ठेवलेलं.

पहिल्या जातीचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे ब्रूस नाउमन या अमेरिकन कलाकाराचं 2001 मधलं 'मॅपिंग द स्टुडिओ'. न्यू मेक्सिकोतला त्याचा स्टुडिओ. तिथे उंदीर झालेले आणि एक मांजर. त्याने रात्री इन्फ्रारेड कॅमेरा लावून ठेवला आणि निघून गेला. जागा बदलत, रोज थोडं थोडं करून हे रेकॉर्डिंग झालं. शेवटी सात मोठी प्रोजेक्शन्स, प्रत्येक जवळपास पावणेसहा तासांचं. उंदीर क्वचित दिसतो, मांजर त्याहून कमी. पण खरी गंमत त्यांच्यात नाहीच. नाउमन दिवसा त्याच स्टुडिओत काम करत होता, त्यामुळे एका रात्रीचं फुटेज संपून दुसरीचं सुरू झालं की सामान किंचित हललेलं असतं. माणूस काम करताना कुठेच दाखवलेला नाही आणि तरी त्याचं काम दिसत राहतं, फक्त सरकलेल्या वस्तूंमधून. हे ज्याला एकदा जाणवलं त्याला मग उंदराची वाटही बघावी लागत नाही.

हे सगळं तंत्रामुळेही शक्य झालं, हेही सांगायला हवं. सोनीचा पोर्टापॅक, म्हणजे एकट्याने उचलून नेता येणारा, टेपवर चित्रण करणारा व्हिडिओ कॅमेरा, 1967 मध्ये आला. त्याआधी फिल्मचा प्रत्येक फूट म्हणजे पैसा, कॅमेरा चालू ठेवून वाट बघत बसणं कुणाला परवडणार? टेप स्वस्त, पुसून पुन्हा वापरता येणारी आणि सुरुवातीच्या काळात एडिट करायला महाकटकटीची. लांबलचक, न कापलेले शॉट तेव्हा निव्वळ तत्त्वज्ञानातून आले नाहीत, थोडे सोयीतूनही आले. आज मात्र कापणं चुटकीसरशी होतं, त्यामुळे न कापणं हा निर्णय ठरतो आणि त्याचा जाब कलाकाराला विचारलाच पाहिजे.

पण जाब गॅलरीवाल्यांनाही विचारा! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, याचा 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मध्यक निघाला 17 सेकंद, म्हणजे निम्म्या वेळा लोक त्याहून जास्त थांबलेच नाहीत. चित्रांची ही गत, तर तासाभराच्या व्हिडिओसाठी येण्याजाण्याच्या बोळकांडीत एक टीव्ही टांगून तुमची अपेक्षा काय आहे? बसायला बाक नाही, शेजारच्या दालनातला गोंगाट आत येतो, पुन्हापुन्हा फिरणाऱ्या व्हिडिओचा लूप कुठून सुरू झाला याचा पत्ता नाही. आणि वर प्रेक्षकांना संयम नाही म्हणायचं.

बाकाची मागणी म्हणजे 'सगळं पूर्ण बघा' असा आग्रह नव्हे बरं. फिश्ली आणि वाइस या स्विस जोडीने 1995 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, 12 मॉनिटरवर मिळून 96 तासांचं साध्यासुध्या रोजच्या गोष्टींचं चित्रण मांडलं होतं. ते पूर्ण बघणं कुणालाच शक्य नव्हतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. हवं तिथे बसा, हवं तेव्हा उठा. पुढे 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, जाहिरातींच्या भल्यामोठ्या पडद्यावर, त्यांचं एक मांजर दूध पिताना झळकलं. फक्त दूध पिताना. मला हा खट्याळपणा फार आवडतो. शांत बघणं म्हणजे तोंड पाडून बघणं, असं कुणी ठरवलंय?

असं काही बघताना मधेच उठून गेला असाल तर नक्की कुठल्या क्षणी उठलात ते कमेंटमध्ये लिहा. 'खूप सुंदर अनुभव होता' वगैरे नको, ते गॅलरीच्या वहीत पुष्कळ लिहिलेलं असतं.