परत रीस्टार्ट!
पुन्हा तेच! रात्री विंडोजचं अपडेट टाकून झोपले आणि सकाळी बघते तर कॉम्प्युटर आपला आपणच बंद होतोय, चालू होतोय, ‘३० टक्के पूर्ण’ दाखवतोय आणि परत काळा पडदा. मध्येच निळ्या पडद्यावर एररचा कोड येतो, पण वाचायला जावं तर पापणी लवायच्या आत गायब. अहो मायक्रोसॉफ्टवाले, बिघडलंय काय ते तरी धड वाचू द्या! बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट, ही सेटिंग मुळातच चालू का ठेवता?

दोन-तीनदा पॉवरचं बटण दाबून धरून मशीन अर्ध्यातच बंद पाडलं, तेव्हा कुठे दुरुस्तीचा मेनू आला. तिथून ती सेटिंग बंद केली, तेव्हा कोड पडद्यावर थांबला. दोषी कोण, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र चालवणारा प्रोग्राम! सेफ मोडमध्ये (फक्त अगदी गरजेपुरतंच चालू होतं, तिथे) जाऊन जुना ड्रायव्हर बसवला, शेवटचं अपडेट काढलं, मग चाललं. अख्खी सकाळ गेली, अर्धवट राहिलेला रिपोर्ट तसाच.

आणि आता बघते, तर तेच अपडेट परत डाउनलोड होऊन बसलंय. मी हाताने काढून टाकलेलं मला न विचारता पुन्हा का घालता?