कारखाने गेले म्हणून ठाण्याची माती स्वच्छ झाली का?

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "जड धातू फक्त कारखान्यांतून येतात. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी आता ऑफिसं आली, पेट्रोल शिसेमुक्त झालं, उरलंसुरलं पाऊस धुऊन नेतो. आवारात बिनधास्त भाजी लावा, धुऊन खा." आवारात भाजी लावायचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण ही भाजी लहान मुलांच्या ताटात जाणार आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

कारखाना हलला तरी धातू हलत नाही. शिसं कुजत नाही, विरत नाही. चिकणमातीला आणि सेंद्रिय द्रव्याला घट्ट धरून ते वरच्या काही इंचांत बसून राहतं. पेट्रोलचंही तेच. देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं ते २००० साली. त्याआधीची कित्येक वर्षं हमरस्त्यांवरच्या गाड्यांच्या धुरातून शिसं बाहेर पडत होतं, ते रस्त्याकडेच्या मातीत अजून असू शकतं. शिवाय आजही टायर झिजून जस्त आणि ब्रेक झिजून तांबं पडतंच आहे.

पाऊस धुतो ती माती, तिला चिकटलेलं शिसं नव्हे. वरची माती उताराने वाहते, आवाराच्या सखल कोपऱ्यात गाळ होऊन साचते, उरलेली गटारातून खाडीत जाते.

"फक्त कारखान्यांतून" हा दावा तर दोन्ही बाजूंनी चुकतो. आपल्या पायाखालचा काळा दगड बेसाल्ट आहे. त्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं, त्यामुळे माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये हे धातू दिसले की लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नये. जिथे कारखाने नाहीत त्या येऊरच्या डोंगरातली माती तपासली तरी ते सापडतील. शिसं मात्र बेसाल्टमध्ये अगदी थोडं असतं. ते जास्त निघालं, तर बहुतेक माणसानेच आणलेलं असतं.

आणि ते कुठून येतं हे जुन्या इमारतीच्या रंगकामात दिसतं. कारागीर पत्र्याने भिंत आणि ग्रिल खरवडतो, रंगाचे पापुद्रे भिंतीच्या पायथ्याशी हातभर पट्ट्यात पडतात, झाडू तिथपर्यंत पोचत नाही. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधीच्या थरांत ते कितीतरी जास्त असू शकतं. नेमक्या त्याच पट्ट्यात आपण अळू आणि कढीपत्ता लावतो.

धुण्याने पानावरची धूळ जाते, तेवढा भाग खरा. पण कॅडमियम हा दुसरा विषारी जड धातू मुळांतून पानात चढतो, तो नळाखाली जात नाही. आणि मुलांच्या पोटात शिसं जातं ते भाजीपेक्षा जास्त मातीच्या हातांतून.

"आमची माती तपासली, नॉर्मल आहे," असंही कुणी लिहिलंय. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे शेतीसाठीच्या सरकारी माती तपासणीच्या कार्डात, नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच), जस्त वगैरे बारा गोष्टी असतात. शिसं आणि कॅडमियम नसतात. प्रयोगशाळेला ते वेगळं सांगावं लागतं. भिंतीलगतचा नमुना स्वतंत्र द्या, मोकळ्या जागेतल्या मातीत मिसळू नका. रिपोर्ट येईपर्यंत भिंतीपासून लांब, कुंड्यांत किंवा चांगली माती भरलेल्या उंच वाफ्यात टोमॅटो, वांगी, भेंडी लावा. पालक, मेथी, मुळा नंतर.