गुलमोहर नको, गाद लावा

जून उजाडला की फेसबुकभर तेच फोटो. खड्डा, रोप, पाच जणांचे हात त्या एका रोपाला लागलेले. खाली ओळ: तलावकाठी वृक्षारोपण. रोप बहुधा गुलमोहराचं. मला चीड येते ती याची, की तलावाला झाडापेक्षा आधी जे हवं असतं ते फोटोत दिसतच नाही, कारण ते पाण्यात असतं.

आमच्या पूर्व विदर्भात मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या, ताब्यातले. बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि हळूहळू त्यांत बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेचं हे झुडूप आपल्याकडची गुरंही खात नाहीत.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची मंडळी बरीच वर्षं हे तलाव पुन्हा जिवंत करतायत. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ढिवरांना तोंडपाठ. तेच बघून आम्ही नागपूरचे चौघं एका बोडीवर, म्हणजे लहान तलावावर, श्रमदानाला जाऊ लागलो. बोडी मेमध्ये आटली की बेशरम मुळासकट उपटायची. पाऊस पडून पाणी साचलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून ओल्या पोत्यात गाद (गाळ नव्हे, कंदवाली पाणवनस्पती), देवधान म्हणजे जंगली भात, हायड्रिला अशा पाणवनस्पती आणायच्या आणि गुडघाभर चिखलात खोचायच्या.

पहिल्या वर्षी मी उपटलेली बेशरम पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उतारावर टाकली आणि मोठ्या रुबाबात हात झटकले. ऑगस्टमध्ये बघतो तर प्रत्येक कांडीला मुळं, वर जांभळट फुलं. तिथल्या काकू हसून म्हणाल्या, "भाऊ, हे मरत नाही. याले उन्हात वाळवून जाळा लागते." नाव काय उगाच पडलंय!

खोलीकरणाबद्दलही बोलायचंय. पोकलेन लावून तलावाची ताटली खरवडून तिची बादली करायची, काठाला दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉक, की झालं सुशोभीकरण. पाणी साठतं, कबूल. पण गाद उगवते ती उथळ काठालाच. तिचे कंद सारस उकरून खातात, आणि महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात. मरळ पाणवनस्पतींत जागा करून अंडी घालते. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच संसार मांडतो. उभ्या भिंतीच्या तलावात यांनी जायचं कुठे?

लावणीला माणसं मिळतात हो. खरी बोंब दुसऱ्या वर्षी, निंदणीला. बेशरम परत डोकं काढते तेव्हा कोणी फिरकत नाही, कारण निंदणीचा फोटो काही छान येत नाही.

येत्या रविवारी पहाटे पाचला निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. गमबूट आणू नका, चिखलात रुततात आणि मग माणूस बाहेर येतो, बूट नाही.